सहा दुकानं, एक गुरुवार

जिल्ह्याचा आर्थिक विकास कसा करायचा, ते मला विचारा! सतरा वर्षं मी तेच करतोय. आमचं जिल्हा उद्योग विकास कार्यालय म्हणजे दीड खोली, भिंतभर नकाशा आणि तीन माणसं : साहेब, टायपिस्टबाई आणि मी. या सतरा वर्षांत जिल्ह्यात नवा उद्योग आला नाही हे खरं. पण मी नसतो तर होते तेही पळाले असते, असं माझं प्रामाणिक मत आहे!

हे मत वरच्या कार्यालयाला पटलं नसावं. त्यांचं खरमरीत पत्र आलं : या तिमाहीत जिल्ह्यात नवा व्यवसाय सुरू झाला नाही, तर तुमचं कार्यालय बंद आणि तुमची रवानगी शेजारच्या जिल्ह्यात. म्हणजे बसने तीन तास! मी घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "अहो, मग डबा दोन वेळचा न्यावा लागेल तुम्हाला." माझ्या मात्र तोंडचं पाणी पळालं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात टायपिस्टबाईंची चिठ्ठी आली. आमच्याकडे मी एक आधुनिक पद्धत घालून दिली आहे. आलेलं पत्र बाई वाचतात, सार एका ओळीत चिठ्ठीवर लिहितात आणि पत्र फाइलीत जातं. केवढा वेळ वाचतो! चिठ्ठीवर लिहिलं होतं : 'खेळण्यांच्या कारखान्याच्या मालकीणबाई गुरुवारी अकराला पेठ बघायला येणार.'

मी टुणकन उडालोच! पण आमची पेठ बघण्यासारखी कुठे होती? बारा दुकानं, त्यातली ओळीने सहा बंद. शटर गंजलेली, कुलुपांवर कोळ्यांची जाळी. असली पेठ दाखवली तर बाई आल्या पावली परत! मग मला ती नामी युक्ती सुचली. सहाही दुकानांना भाडेकरू शोधायचं काम आमच्याकडेच होतं, त्यामुळे किल्ल्या माझ्याच कपाटात होत्या. दुकानं एका सकाळपुरती उघडायची, आत आपली माणसं बसवायची, की पेठ कशी गजबजलेली दिसेल! साहेबांना काही सांगितलं नाही. यश वाटून घ्यायची मला सवय नाही.

गुरुवारी सकाळी फौज तयार झाली. पहिल्या दुकानात बायको, तिच्या शिलाई मशीनसह. दुसऱ्यात सासरे. ते निवृत्तीनंतर दर रविवारी घरातलं घड्याळ उघडतात, म्हणून 'घड्याळ दुरुस्ती'. तिसऱ्यात मेहुणा, कात्री आणि आरसा देऊन. उरलेल्या तीन ठिकाणी बायकोच्या मैत्रिणी : एकीने घरच्या कुंड्या मांडल्या, दुसरीने मुलांची जुनी पुस्तकं, आणि तिसरीला काहीच सुचेना म्हणून टेबल, खुर्ची आणि 'चौकशी' अशी पाटी.

"नीट ऐका," मी सगळ्यांना बजावलं. "फक्त बसायचं! विकायचं नाही, शिवायचं नाही, कापायचं नाही!"

"आणि कोणी घड्याळ घेऊन आलं तर?" सासऱ्यांनी विचारलं.

"बाबा, कोण येतंय इथे!"

साडेदहाला येऊन बघतो तर पेठेत पाय ठेवायला जागा नाही! कित्येक वर्षांत लोकांनी नवं दुकान पाहिलं नव्हतं, आणि एका सकाळी सहा! सगळ्यात लांब रांग 'चौकशी'पुढे! काय चौकशी करायची हे कोणालाच माहीत नव्हतं, पण रांग सोडायला कोणी तयार नव्हतं.

"अहो, अकरा पडदे आलेत शिवायला!" बायको ओरडली. "नाही म्हटलं तरी टाकून जातात!"

सासऱ्यांपुढे नऊ घड्याळं उघडी पडली होती आणि सगळ्यांचे स्क्रू, चाकं, काटे एकाच ताटात होते. "जावईबापू," ते हसून म्हणाले, "आयुष्यात इतकी मजा आली नव्हती हो!"

मी तिसऱ्या दुकानात डोकावलो आणि मला घामच फुटला. खुर्चीत, गळ्याशी चादर बांधून, आमचे साहेब!

"या, या!" साहेब आरशातूनच म्हणाले. "पेठेत नवं सलून निघतं आणि विकास कार्यालयाला पत्ता नाही? काय करता काय तुम्ही?"

साहेबांच्या डोक्याची उजवी बाजू झकास होती. डावीकडे काय झालं होतं ते मला सांगवत नाही.

"दाजी," मेहुणा रडवेला होऊन म्हणाला, "ही बाजू जमली हो, पण ती काही केल्या तशी होत नाही!"

"दाजी?" साहेब म्हणाले.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. मी सुटलो!

मालकीणबाई उतरल्या त्या हातात मोजायची टेप घेऊनच. मी म्हटलं, असेल एखादीला सवय. मी त्यांना मोठ्या तोऱ्यात पेठेतून मिरवलं. सासऱ्यांच्या दुकानापाशी बाई थांबल्या आणि सहज बोलून गेल्या, "माझंही घड्याळ जरा मागे पडतं."

"द्या इकडे!" सासरे म्हणाले. मी "नको, नको" म्हणेपर्यंत घड्याळाचं पोट ताटात रिकामं झालं.

"अहो, ते माझ्या आईचं घड्याळ आहे!"

"काळजी नको, बाई. सगळं ताटातच आहे!"

बाईंनी ताटात एकदा वाकून पाहिलं. मग इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "बरं, ती रिकामी दुकानं कुठे आहेत?"

"रिकामी?" मी छाती फुगवली. "बाई, आमच्या जिल्ह्यात रिकामं काही सापडायचं नाही!"

"पण मी पत्रात लिहिलं होतं! मला ओळीने सहा रिकामी दुकानं हवीत. मधल्या भिंती काढून कारखाना टाकायचाय. साठ माणसांना काम मिळेल. तुमच्याच यादीत होती की ती सहा!"

टायपिस्टबाई 'चौकशी'च्या रांगेत उभ्या होत्या. मी त्यांना गाठलं. "पत्रात हे सगळं होतं?"

"होतं की! चांगली चार पानं होती. पण एकच ओळ लिहायची, असं कोण म्हणालं होतं?"

आता लाज धरून चालणार नव्हतं. "बाई, ही दुकानं रिकामीच आहेत!" मी ओरडलो. "ही माझी बायको! हे सासरे! तो केस कापतोय तो मेहुणा, आणि त्याला केस कापता येत नाहीत! पाच मिनिटांत सगळी उठतील!"

"पाच मिनिटांत?" तिसऱ्या दुकानातून साहेबांचा भेसूर आवाज आला.

मी बायकोकडे धावलो. "अगं, ऊठ! मशीन आवर!"

"मी नाही उठणार."

"साठ माणसांचा कारखाना आहे!"

"आणि माझे अकरा पडदे?"

"अगं, माझी नोकरी जाईल!"

"जाऊ दे. माझी आत्ताच लागलीये."

मग मशीन थांबवून ती हळू आवाजात म्हणाली, "वीस वर्षं तुमच्या शर्टांच्या कॉलरी उलटवून शिवल्या. कधी एका शब्दाने 'छान' म्हणालात? आज सकाळपासून चौघीजणी म्हणाल्या." मला फार वाईट वाटलं. मी खाली पडलेली दोऱ्याची रिळं उचलून तिच्यासमोर ठेवली. सासऱ्यांनी तर ताट छातीशी धरलं होतं.

मालकीणबाईंनी हे सगळं पाहिलं आणि त्या खो खो हसायला लागल्या. "राहू द्या हो त्यांना. मी शेजारच्या जिल्ह्यात बघते. पण माझं घड्याळ तेवढं..."

ते चार वाजता मिळालं! तोवर बाई 'चौकशी'च्या खुर्चीत बसल्या होत्या आणि लोकांना धंदा कसा काढावा ते सांगत होत्या. घड्याळ चालू झालं. दोन स्क्रू उरले, ते सासऱ्यांनी वेगळे पुडीत बांधून दिले. बाईंनी शेजारच्या जिल्ह्यात महिनाभरात कारखाना टाकला.

साहेबांना शेवटी सगळं डोकंच भादरून घ्यावं लागलं. पण माणूस मनाचा मोठा. त्यांनी टोपी घातली आणि वर अहवाल पाठवला : एका दिवसात, एका पेठेत सहा नवे व्यवसाय! मी पेढीवरच्या शेठसारखा पाय पसरून उत्तराची वाट बघत बसलो.

उत्तर आलं. आमचं तोंड भरून कौतुक होतं. सतरा वर्षांत पहिल्यांदाच! आणि शेवटी लिहिलं होतं : 'सबब, जिल्ह्याचा विकास साधला गेला असल्याने सदर कार्यालयाची आता आवश्यकता उरलेली नाही.'

साहेब आणि टायपिस्टबाई शेजारच्या जिल्ह्यात रुजू झाले. मी राजीनामा दिला. बायकोला ऐन धंद्याच्या वेळी एकटं टाकून जाणं मला बरं दिसेना, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे तिला बटणं लावायला माणूस हवा होता. तिने तिघांचं काम पाहिलं आणि मग मला घेतलं. सध्या तात्पुरताच! मागच्या आठवड्यात मी एका कोटाची बटणं उलट्या बाजूला लावली, त्यामुळे कायम व्हायचं जरा लांबलंय.