काडीपेटी हाये का?

आमच्या शहागडात बाबूरावकाकांकडे जायचं, तर दारातच खिसे रिकामे करावे लागतात. मी त्यांचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी, पण मलाही सुटका नाही. "काडीपेटी हाये का?" हा पहिला प्रश्न. "डोक्याला तेल लावलं का?" हा दुसरा. एका रविवारी मी तेल चोपडून गेलो, तर काकांनी मला अंगणातल्या नळाखाली बसवलं आणि स्वतःच्या हातानं साबण लावला.

काका जन्मभर हायवेवर ट्रकांचं गॅस-कटिंग, म्हणजे ऑक्सिजनच्या ज्योतीनं लोखंड कापायचं काम, करत आले. ऑक्सिजनबद्दल त्यांचं मत ठरलेलं. "त्यो सोता जळत न्हाई. पन जळनाऱ्याला असा चढवतो, की लोखंड बी कापतं. भांडनात बाजूला हुभं राहून 'हान, हान' म्हननारा असतो ना, तसा!"

आता काकूंची फुप्फुसं थकली आहेत. खाटेशी ऑक्सिजनचा सिलिंडर आणि नाकात नळी. ऑक्सिजनपाशी तेल-तूपही भडकतं, हे काका कामावरच शिकलेले. तेव्हापासून घरात उदबत्ती बंद, स्वयंपाक मागच्या पत्र्याच्या शेडात. पूजेला आलेल्या गुरुजींनाही काकांनी सांगितलं, "मंत्र आत म्हना, कापूर अंगनात जाळा." गुरुजी हसले, तर काका चिडले, "मी काय मजाक करून राह्यलो का?"

गेल्या दिवाळीत पाडव्याला मात्र काकू अडून बसल्या. लग्न झाल्यापासून त्यांचं औक्षण कधी चुकलं नव्हतं. काकांनी ताटात बॅटरीचा दिवा ठेवून दिला. काकूंनी तो बाजूला सारला.

"ज्योतीबिगर कसलं औक्षन? दोन मिन्टं नळी काढते, अंगनात येते."

"बिलकुल न्हाई. दारापोत्तर जाऊस्तवर ओठ निळे पडतेत तुझे."

"मंग राहू द्या. पुढच्या पाडव्याला मी असंल का न्हाई, कुनाला ठावं."

काकांनी बॅटरीचा दिवा बंद केला. मग दारात उभ्या असलेल्या मला त्यांनी हाताला धरून आत नेलं. आम्ही दोघांनी मिळून काकूंची खाट दाराच्या समोर फिरवली. काकांनी धुतलेली टोपी घातली, अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला पाट मांडला आणि ताटात स्वतःच निरांजन लावलं.

"हां, कर चालू!" ते पाटावरून ओरडले.

काकूंनी खाटेवर बसून रिकामा हात वर केला आणि हवेत ओवाळायला लागल्या. त्यांच्या हाताकडे बघत, अगदी त्याच चालीनं, काका ते ताट स्वतःच्याच तोंडाभोवती फिरवू लागले.

"हळू की! कशाची जल्दी हाये?" काकू आतून म्हणाल्या. काकांनी निमूटपणे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. हसावं असाच प्रकार होता, पण मला रडू आलं.

ज्योत आपोआप शांत होईपर्यंत काका तिथंच बसून राहिले. मग तुपाचे हात साबणानं दोनदा धुवून आत गेले आणि काकूंच्या पायाशी टेकले.

"पुढच्या पाडव्याला बी असंच करू," ते म्हणाले. "तू फकस्त हात हलव."