मायक्रॉनरावांचा टेकू

“विकतचं आणून बसवायला पाकीट लागतं, साडूबुवा. स्वतः करून बसवायला हात लागतात,” असं मायक्रॉनराव म्हणाले, आणि साडूंनी हौसेने आणलेला लांबट खोका त्यांनी गॅरेजच्या सगळ्यात वरच्या फळीवर, रंगाच्या रिकाम्या डब्यांमागे सारून दिला.

मायक्रॉनराव हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली, आणि केसाच्या जाडीचा फरकसुद्धा कधी कुणाला माफ केला नाही, म्हणून हे नाव पडलं. पडलं ते चिकटलंच. निरोपसमारंभाच्या भाषणात साहेबांनीही तेच घेतलं, आणि तेव्हा सगळ्यात आधी टाळी वाजवली ती त्यांच्या बायकोने.

उंची सहा फूट दोन इंच. बायको पाच फुटांना दोन बोटं कमी. घरातली प्रत्येक फळी, प्रत्येक खुंटी मायक्रॉनरावांनी स्वतःच्या हाताने बसवलेली, आणि मापाला बरोबर. फक्त ते माप त्यांच्या खांद्याचं असायचं. त्यामुळे त्या घरात प्रत्येक खोलीत एक स्टूल होतं. पाहुण्यांना वाटे, या घरात माणसांचं येणंजाणं फार असावं.

आणि त्यांची ती गाडी. लाल, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार. वय वर्षं बावीस. तिच्यात शिरायला मायक्रॉनरावांना स्वतःची घडी घालावी लागे आणि बाहेर पडताना ती उलगडावी लागे, पण आत बसले की त्यांचा चेहरा शाळा सुटलेल्या पोरासारखा व्हायचा.

या गाडीचं बॉनेट म्हणजे एक जाडजूड, लांबलचक झाकण. ते उघडलं की दोन बाजूंचे दोन शॉकअप, म्हणजे गॅस भरलेल्या दोन नळ्या, त्याला वर तोलून धरायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्यातला गॅस गेला. शॉकअप गेले आणि त्यांची नोकरी बायकोला लागली.

“अहो, अजून किती वेळ धरू हे?”

“दोन मिनिटं.”

मिलिमीटरचा हजारावा भाग मोजणाऱ्या या माणसाला मिनिट मात्र कधी मोजता आलं नाही. डोक्यावर हात करून, टाचा उंचावून ती स्टुलावर उभी राहायची आणि खाली मायक्रॉनराव स्पार्क प्लगशी गप्पा मारत बसायचे. शेवटी एक दिवस ती स्टुलावरून उतरली आणि पदर खोचून म्हणाली,

“तीन आठवड्यांनी तुमच्या जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे ना? तिथे हे धूड माझा हात न लागता दिवसभर उभं राहिलं, तर गाडी गॅरेजात. नाहीतर गाडी बाहेर रस्त्यावर, आणि गॅरेजात माझं शिवणयंत्र. अकरा वर्षं फ्रिज आणि बाथरूमच्या मध्ये बसून शिवतेय मी.”

मायक्रॉनरावांनी मिशीवरून हात फिरवला. गाडी रस्त्यावर म्हणजे ऊन, धूळ, कावळे. पण घाबरणार ते मायक्रॉनराव कसले. “मंजूर,” ते म्हणाले. “असा टेकू करतो की बघायला लोक रांग लावतील.”

ही बातमी साडूंच्या कानावर गेली. साडूंकडेही तश्शीच गाडी, फक्त निळी. त्यांनी आपल्या गाडीला बाजारातून नवे शॉकअप आणून बसवले होते आणि एक जोडी ते इकडेही घेऊन आले. “दहा मिनिटांचं काम आहे. जुने काढा, नवे दाबून बसवा,” एवढंच ते बिचारे म्हणाले होते. त्यावर त्यांना काय उत्तर मिळालं ते आपण पाहिलंच.

मग सुरू झाला टेकू. आधी पुठ्ठ्याचा केला, मग लाकडाचा, मग पोलादाचा. जुने शॉकअप काढून टाकले. प्रत्येक मापाला बॉनेट धरायला बायको लागायचीच, त्यामुळे जे काम वाचवण्यासाठी टेकू करायचा, ते काम त्या तीन आठवड्यांत तिने आयुष्यात केलं नव्हतं इतकं केलं. पण दांडी झाली मात्र देखणी. खालच्या टोकाला बिजागरी, वरच्या टोकाला बॉनेटातल्या खोबणीत बसणारं बोंड, मधे हात घसरू नये म्हणून बारीक जाळीची मूठ. पॉलिश असं की मायक्रॉनराव त्यात बघून भांग पाडायचे. येणाऱ्या जाणाऱ्याला, वीजमीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा, त्यांनी ती दाखवली. मीटरवाल्याने “छान आहे, पण काय आहे?” असं विचारलं, तेव्हा त्याला अर्धा तास बसावं लागलं.

शुक्रवारी ते केस कापून आले, तर गॅरेजात त्यांची टोपी पापडासारखी चपटी होऊन पडलेली.

“टोपीवर कोण बसलं?”

“मी बसले,” बायको म्हणाली. जरा थांबून तिने विचारलं, “अहो, ती दांडी घट्ट बसते ना?”

“शंका घेतेस? माझ्या कामावर?”

“छे,” ती म्हणाली आणि स्टूल उचलून आत गेली.

रविवारी सकाळी मैदानात दोन रांगा लागल्या होत्या. लाल गाडी, शेजारी निळी. मायक्रॉनरावांनी बॉनेटची कळ ओढली, आणि बॉनेट त्यांच्या हाताच्या जरा पुढेच वर गेलं. परवा बिजागऱ्यांना दिलेलं ग्रीस कामी आलं, असं त्यांनी मनाशी म्हटलं. मग दांडी खोबणीत बसवली, तर ती चांगली बोटभर सैल. बोटभर म्हणजे त्यांच्या हिशेबी मैलभर. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. जमीनच उताराची असणार, दुसरं काय. चष्मा खिशात होता, पण फोटो काढणारे फिरत होते आणि चष्म्यात आपण म्हातारे दिसतो असं त्यांचं मत होतं. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. शर्ट खाली ओढला आणि ते दांडीशेजारी असे उभे राहिले की जणू दोघांनाही कुणी हार घालणार आहे.

लोक आले. खरंच आले. इंजिन बघायला येत आणि दांडीची गोष्ट ऐकून जात. काहीजण अर्ध्यातून जात. बायको मागे स्टुलावर बसून, दोन्ही हात मुद्दाम मांडीवर ठेवून बघत होती. अट ती पाळत होती.

दुपारी परीक्षक आल्या. पांढऱ्या केसांच्या, ठेंगण्या बाई, खिशात छोटा टॉर्च. त्यांचं स्वतःचं गॅरेज होतं, पाच-पन्नास मेकॅनिक त्यांच्या हाताखालून गेलेले. त्यांनी दांडीवरून बोट फिरवलं. “हाताने केलीत?”

“पुठ्ठ्यापासून सुरुवात,” मायक्रॉनराव म्हणाले आणि सुरू झाले. मुठीच्या जाळीपर्यंत आले तेवढ्यात साडूंना राहवलं नाही.

“एवढं सांगताय तर काढून, परत लावून दाखवा की. बघू किती झटक्यात बसते.”

“बघाच,” मायक्रॉनराव म्हणाले. एक हात बॉनेटला, दुसऱ्याने दांडी बाहेर. पण परीक्षक बाईंना मूठ जवळून दाखवायच्या नादात बॉनेटवरचा हातही त्यांनी काढला.

साडू ओरडून मागे सरले. बघ्यांनी माना खाली घातल्या. मायक्रॉनरावांनी डोळे मिटले आणि अकरा वर्षांचं शिवणयंत्र त्यांना गॅरेजात शिरताना दिसलं.

काही झालं नाही. त्यांनी एक डोळा उघडला. बॉनेट जिथल्या तिथे, दिमाखात उभं होतं. दांडी मात्र त्यांच्या हातात होती.

पण एकतीस वर्षांची टूलरूम वाया जात नाही. मायक्रॉनरावांनी घसा खाकरला. “सवय लागते त्याला,” ते म्हणाले. “तीन आठवडे शिस्तीत उभं केलं की लोखंडसुद्धा शिकतं.”

परीक्षक बाईंनी टॉर्च काढला आणि काचेजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात मारला. तिथे काळी कुळकुळीत नवी नळी चमकली. टॉर्च दुसऱ्या कोपऱ्यात गेला. तिथेही एक.

“अरे, हे तर मी आणलेले,” साडू म्हणाले, आणि त्यांचं हसू दोन रांगा ओलांडून पलीकडे गेलं.

मायक्रॉनरावांनी चष्मा लावला. मग मागे वळून बायकोकडे पाहिलं. बायको आभाळाकडे पाहत होती.

“बसवलेत कोणी?” परीक्षक बाईंनी विचारलं. “जाड बाजू वर, बारीक दांडा खाली. शंभरातले साठ जण उलटे बसवतात. क्लिपा पूर्ण आत, रंगावर एक ओरखडा नाही.”

मायक्रॉनरावांनी वाकून डावी नळी पाहिली, मग उजवी. खरोखर एक ओरखडा नव्हता. त्यांनी स्वतः बसवली असती तर याहून चांगली बसली नसती, आणि असा विचार त्यांच्या मनात दुसऱ्या कुणाच्या कामाबद्दल आजवर आला नव्हता. त्यांची मान हळूहळू ताठ झाली. हातातली दांडी त्यांनी साडूंच्या हातात दिली, जणू छत्री धरायला द्यावी.

“हिने बसवलेत,” ते म्हणाले. “कोणी शिकवलं नाही, काही नाही. स्टुलावर उभी राहून. लिहून घ्या, बाई, ही माझी बायको.”

‘नीटनेटक्या कामाचं’ प्रशस्तिपत्र बायकोच्या नावाने मिळालं. ते त्यांनी फोटोवाल्याला चष्मा लावून, तीनदा दाखवलं.

परतताना गाडीत विषय तिनेच काढला.

“शुक्रवारी पुसताना माझं कोपर लागलं,” ती म्हणाली. “दांडी निसटली आणि झाकण धाडकन खाली. आत तुमची टोपी होती. मला वाटलं, रविवारी तिच्याखाली डोकं असेल. म्हणून आज सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा बसवले. अट काय, हरले असते तरी चाललं असतं. बॉनेट दुसरं मिळतं.”

मायक्रॉनरावांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवली. घडी घालून बसलेल्या माणसाला शेजारी वळायचं म्हणजे फार अडचण होते, पण ते तिच्याकडे वळले.

“तू जिंकलीस,” ते म्हणाले. “हात तुझेच लागले.”

“गाडी मात्र उन्हात नाही लावायची,” ती म्हणाली. “दोघांना जागा होईल.”

झाली. आठवडाभर मायक्रॉनराव गॅरेजात ठोकाठोकी करत होते आणि तिला आत यायला बंदी होती. शनिवारी त्यांनी दार उघडलं. एका बाजूला लाल गाडी, दुसऱ्या बाजूला खिडकीच्या उजेडात शिवणयंत्र. आणि यंत्राच्या वर, शिवून झालेले कपडे टांगायला, भिंतीवर आडवी बसवलेली ती पोलादी दांडी. पॉलिश चमकत होतं. दोन्ही टोकं एका पातळीत, केसाचा फरक नाही.

“बघ,” ते म्हणाले. “हिला तिची खरी जागा मिळाली.”

बायकोने नुकताच शिवलेला झगा हातात घेतला, मान मागे टाकून वर पाहिलं, टाचा उंचावल्या, हात लांब केला. मग पुन्हा टाचा टेकवल्या.

“सुंदर झालीय हं,” ती म्हणाली, आणि स्टूल आणायला आत गेली.