शेळकेभाऊंची बुरशी

आमच्या चिंचवडच्या सोसायटीत नवं बिऱ्हाड आलं की शेळकेभाऊ ओळखीतच आजार सांगून टाकतात. "मी शेळके. पिट्युटरीला बुरशी. साधं नाही ते!"

मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिला म्हणे फार क्वचित, एखाद्यालाच, बुरशी धरते. ती नेमकी माझ्याच शेजाऱ्याला धरावी! माझी कंबर वर्षानुवर्षं धरलेली आहे. पण कंबर काय, सगळ्यांचीच धरते. विचारतो कोण?

भाऊ चाकणच्या कंपनीत फोरमन होते. रिटायर झाले आणि डोकं ठणकायला लागलं, बाजूचं दिसेनासं झालं. समोरून येणाऱ्याला ओळखायचे, शेजारून जाणाऱ्याला धडकायचे. डॉक्टरांना वाटलं गाठ आहे. नाकातून ऑपरेशन केलं, तर आत बुरशी! "डॉक्टर चाट पडले, राव. शिकाऊ डॉक्टरांची रांग लागली मला बघायला. साधं नाही ते!"

मग काय, त्यांच्या घरी जत्राच. सांगवीचे मेव्हणे आले, कंपनीतले जुने लोक आले, सोसायटीच्या बायका डबे घेऊन आल्या. आमच्या हिनं तर शेवयांची खीर नेली. मला त्या दिवशी खिचडी.

"अहो, केवढं दुखणं त्यांचं!" ही म्हणाली. मी कंबरेवर हात ठेवून उभा होतो. तिला दिसलंच नाही.

सोसायटीचा सेक्रेटरी मी. पण मीटिंगला लोक पाणीपट्टी सोडून भाऊंचा एमआरआय ऐकत बसायचे. जळफळाट व्हायचा नुसता.

परवा त्यांना माझ्या गाडीतून तपासणीला नेलं. डॉक्टर म्हणाले, "काका, बुरशी गेली. तिचं औषध बंद. हार्मोनच्या गोळ्या मात्र कायम घ्यायच्या."

सुटलो, असं मी मनात म्हटलं. आता हे पेढे वाटणार आणि विषय संपणार.

भाऊ कासारवाडी आली तरी खिडकीबाहेर बघत होते. सोसायटीत गाडी लावली, तेव्हा हळूच म्हणाले, "राव, एवढ्यात कुणाला सांगू नका."

"का हो? चांगली बातमी आहे."

"आमची ही गेल्यापासून दार वाजायचंच बंद झालं होतं. दुखणं आलं, तशी माणसं यायला लागली."

"आज आमच्याकडे जेवायला चला," मी म्हटलं.

"येतो की." उतरता उतरता ते थांबले. "उद्या तुम्ही या. चहा मी करीन."