उंब्रजला विचारून सांगतो

मोहिते सर खिशात लाल पेन घेऊन फिरतात, आणि ते फक्त ऑफिसच्या कामासाठी नसतं. मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात हे कळलं. सांगलीत आमच्या ऑफिसखाली गुळाच्या चहाचा गाडा आहे. त्याच्या पाटीवर लिहिलेलं, ‘गुळाचा चहा. शुगरवाल्यांना बिनधास्त चालतो.’ सरांनी चहा घेतला, एक घोट मारला, पेन काढलं आणि ‘बिनधास्त चालतो’वर सरळ रेघ ओढली.

गाडेवाला ओरडला, “आवं सर, गिऱ्हाईक जाईल की माजं!”

“चालतो म्हणून कुणी सांगितलं?”

“समदेच म्हनत्यात.”

“समदे म्हणजे कोण? नंबर दे त्यांचा.”

दुसऱ्या दिवशी गाड्यावर नवी पाटी: ‘गुळाचा चहा. शुगर असंल तर डॉक्टरला इचारून या.’ गर्दी उलट वाढली! लोक पाटीशेजारी उभं राहून फोटो काढायला लागले. मी हातात कप धरून नुसती बघत होते. ह्या माणसानं खोडलेलंसुद्धा फेमस होतं, आणि माझं लिहिलेलं कुत्रं वाचत नाही! आमची ओळख अशी जळण्यातनं सुरू झाली.

आमचं मासिक आहाराबद्दल आहे. काय खावं, किती खावं, कुठल्या बातमीवर विश्वास ठेवू नये, असं सगळं. मी लिहिते, सर तपासतात. तपासतात म्हणजे काय, तर उलटतपासणी घेतात. मी धावत जाऊन सांगायचं, “सर सर, मेथीवर भारी संशोधन सापडलंय!” की ते चष्म्यावरनं बघून विचारणार, “उंदरावर का माणसावर?” बहुतेक वेळा उंदरावरच असतं. मग ते म्हणतात, “उंदीर आपला वर्गणीदार आहे का?” झालं, माझा लेख गेला. आमच्या डीटीपीवाल्याच्या साखरपुड्यात त्याच्या सासऱ्यांनी आग्रह केला, “घ्या की सर अजून एक लाडू, डिंक हाडाला चांगला.” सरांनी लाडू ताटात ठेवला आणि सासऱ्यांना विचारलं, “उंदरावर का माणसावर?” ते बिचारे गडबडून म्हणाले, “न्हाई, आमी घरीच केल्यात.”

आणि अंकात सगळ्यात जास्त काय वाचलं जातं सांगू? सरांचं ‘आमचं चुकलं’. शेवटच्या पानावरची हातभर पण नसलेली चौकट. गेल्या अंकात आम्ही अमुक लिहिलं ते चूक होतं, बरोबर असं आहे, क्षमस्व. त्याला पत्रं येतात! एक आजोबा लिहितात, ‘तुमच्या चुका वाचल्याबिगर अंक आल्यासारखं वाटत न्हाई.’ त्यातल्या निम्म्या चुका माझ्या. म्हणजे चुका करायच्या मी आणि पत्रं यायची ह्यांना!

पण खरं सांगते, माझी खरी जळजळ सरांवर नव्हतीच. ती होती उंब्रजवर.

कुठलाही लेख तपासून झाला की सर म्हणणार, “उंब्रजला विचारून सांगतो.” मग जिन्याजवळच्या बोळकांडीत जाऊन फोन लावणार आणि अख्खा लेख सावकाश वाचून दाखवणार. परत आले की निकाल. “उंब्रज म्हणतं ठीक आहे.” नाहीतर, “उंब्रजला तिसरी ओळ कळली नाही. म्हणजे ओळच चुकलीय.” एकदा चांगल्या शिकलेल्या आहारतज्ज्ञ बाईंचा लेख उंब्रजनं परत पाठवला. त्यांनी निमूट बदलून दिला. मला सर आठ महिन्यांत एकदाही ‘छान’ म्हणाले नव्हते. उंब्रजबद्दल मात्र, “काय पकडलंय बघ, एका वाक्यात!” मी नुसती जळायचे. उंब्रजला कोणीतरी मोठी डॉक्टरीण बसलीय, भिंतभर सर्टिफिकिटं लावून, हे मी ठरवूनच टाकलं होतं.

आणि मग माझा बेदाण्याचा लेख आला. पहिल्यांदाच माझा लेख अंकाच्या पहिल्या पानावर जाणार होता, फोटोसकट! ‘रात्री भिजवा बेदाणा, सकाळी पळवा साखर.’ हेडिंग सुचलं तेव्हा मी खुर्चीत उडी मारलेली. सरांनी वाचला आणि विचारलं, “तू तासगावची ना?”

“हो सर.”

“वडील काय करतात?”

“आमचं बेदाण्याचं शेड आहे.”

त्यांनी पेन काढलं आणि माझ्या नावाखाली लिहिलं, ‘लेखिकेच्या वडिलांचं बेदाण्याचं शेड आहे.’

“सर! हे असं छापायचं?”

“का? खोटं आहे का?” मग पुढचा प्रश्न, तो ते सगळ्यात शेवटी विचारतात. “हे वाचून माणूस उद्या सकाळी उठून काय करंल?”

“बेदाणा खाईल.”

“आणि?”

“आणि काय?”

“उंब्रजला विचारून सांगतो.”

उंब्रज म्हणालं, नको. माझं पहिलं पान गेलं. कारणसुद्धा नाही, नुसतं ‘नको’!

मी म्हटलं, बास. सर दर महिन्याला अंकाचं एक पाकीट स्वतःच्या हातानं लिहून पाठवतात, त्यावरचा पत्ता मी बघून ठेवला होता. इंदुबाई, पिठाच्या गिरणीमागं, उंब्रज. सुट्टीच्या दिवशी लेख पर्समध्ये टाकला आणि एसटी पकडली. तोंडावर विचारणार होते, बाई, तुमचा अभ्यास काय?

गिरणीवाल्याला विचारलं, “इंदुबाईंचा दवाखाना कुठाय?”

“दवाखाना?” तो पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून म्हणाला, “आवं ताई, त्या म्हातारीलाच आमी दवाखान्यात नेतोय. त्ये काय, निळं दार.”

निळ्या दाराच्या आत एक आजी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेल्या. बघत होत्या समोर, हात चालले होते सुपात. त्यांना दिसत नाही हे कळायला मला एक क्षण लागला.

“कोन हाय गं?”

“मी सांगलीहून आले, मोहिते सरांच्या ऑफिसातनं.”

“दत्ताच्या? बस की. तू बेदान्याची व्हय?”

मी दारातच थांबले. दत्ता म्हणजे दत्तात्रय मोहिते. उंब्रज म्हणजे सरांची आई!

आजी थोरल्या लेकाकडं राहतात, सर सांगलीत खोली घेऊन एकटे. हे आम्हाला ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं. मी भांडायला आलेली, आणि आजींनी माझ्या ओंजळीत शेंगदाणे ओतले. म्हणाल्या, “वाच तुजं. दत्ता वाचतोय पाडे म्हनल्यागत. तुज्या तोंडनं ऐकू दे.”

मी वाचलं. जीव लावून वाचलं. पळवा साखर, राहा निरोगी, निसर्गाचं वरदान, सगळं.

“लय ग्वाड लिवलंयस,” आजी म्हणाल्या. “मग मी उद्यापास्नं शुगरची गोळी सोडू?”

“नाही नाही! गोळी नाही सोडायची आजी!”

“मग तसं कुटं म्हनलंयस?”

मी कागद वरपासून खालपर्यंत बघितला. कुठंच म्हटलं नव्हतं. सरांचं ते “आणि?” मला आत्ता ऐकू आलं.

आजींनी चाचपडत गोळ्यांचा डबा ओढला. तळातनं घडी घातलेला पिवळा कागद काढला. वर्तमानपत्राचं जुनं कात्रण, बोटभर. ‘मधुमेहींनी साखर सोडावी, गूळ बिनघोर खावा.’ खाली नाव नाही.

“दत्ता पेपरात नवा लागलावता तवा. कोपऱ्यात जागा उरली म्हनून लिवलं आसंल.”

“पण नाव नाही ह्याला.”

“त्याचा बाप म्हनायचा तसं, बिनघोर खावा. लेकाचं बोलनं आईला कळत न्हाई व्हय? मी कवतिकानं चार वर्सं गूळ खाल्ला.” आजी हसल्या. “गुळानंच डोळं गेलं असं न्हाई बाई. डाक्टर म्हनलं, धा कारनं आसत्यात. मी गोळ्या बी चुकवायची. पन ह्यो मनातनं काडत न्हाई.”

जगातल्या प्रत्येक वाक्याला पुरावा मागणारा माणूस, आणि हे एवढं मात्र त्यानं पुराव्याबिगर स्वतःवर घेतलेलं.

“तुम्हाला माहितीय हे सरांना माहितीय?”

“न्हाई. आन् तू सांगू बी नगंस. त्याला वाटतंय मला ठावं न्हाई. कळलं तर लाजंल, मग फोन कमी करंल. रोज येवडं वाचून दावतोय म्हनून तर आवाज पडतोय कानावर.” त्यांनी कात्रण परत घडी घालून गोळ्यांखाली ठेवलं. “समदं कळतंय असं न्हाई मला. पन ऐकती.”

परतीच्या एसटीत मी लेख नवा लिहिला, फोनवर, दोन्ही अंगठ्यांनी. हेडिंग साधं केलं. बेदाण्यात साखर असते, शुगरवाल्यांनी डॉक्टरांना विचारून मोजकाच खावा, गोळी कुणीही आपल्या मनानं सोडू नये. आणि खाली, लेखिकेच्या वडिलांचं बेदाण्याचं शेड आहे. पप्पा ओरडणार होते. ओरडू देत.

सोमवारी सरांनी तो लेख वाचला. पेन काढलंच नाही. बोळकांडीत गेले, वाचून आले. “उंब्रज म्हणतं ठीक आहे.” आणि पुढं, “उंब्रज म्हणतं, पोरगी गुणाची आहे. उंब्रजला तू कशी आहेस हे कुणी सांगितलं?”

आजी! मला गप्प बसायला सांगून स्वतः बोलून बसल्या!

सरांनी पेनाचं टोपण काढलं. “कोण बोललं? कधी? कशावरनं?”

मी म्हटलं, “सर, सूत्राला शब्द दिला असेल तर नाव सांगायचं नसतं. तुम्हीच शिकवलंय.”

“सूत्र उंब्रजचंच दिसतंय,” ते म्हणाले. मग टोपण लावलं, माझे कागद उचलले आणि पुन्हा बोळकांडीत गेले. लेख तर पास झाला होता. तरी फोन लागला आणि पहिल्या ओळीपासून वाचन सुरू झालं, सावकाश, एकेक शब्द. ‘गोळी कुणीही आपल्या मनानं सोडू नये’ ही ओळ त्यांनी दोनदा वाचली.

मी जागेवर बसून ऐकत होते. परत तेच जळणं सुरू झालं. मला आयुष्यात कुणी असं दोनदा वाचून दाखवलेलं नाही.