मर्सीच्या वाटणीची गाय

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दर सर्वपित्री अमावास्येला एका अमेरिकन शेतकऱ्याच्या नावाने पान वाढलं जातं. वाढणारे तिसऱ्या मजल्यावरचे आहेर, जेवणारा कावळा गंगापूर रोडचा, आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो जोशाया पेल अडीचशे वर्षांपूर्वी, अमेरिकेत इंग्रजांचा अंमल असताना, मका पिकवता पिकवता वारलेला. पानावर मक्याची भाकरी, भोपळ्याची भाजी आणि खीर. मका आणि भोपळा हे त्याचं रोजचं खाणं, असं आहेरांनी कुठूनसं वाचून काढलं होतं. त्याच्या बाकीच्या आवडीनिवडींचं काय, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "त्या त्याच्या घरी. आपल्या गच्चीवर चालणार नाहीत." गुरुजींनी गोत्र विचारलं तेव्हाही ते अडले नाहीत. ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याला काश्यप, हा नियम त्यांना पाठ होता.

जोशाया पेल, काश्यपगोत्री. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. त्या हसण्याची आता आठवण झाली की बरं वाटत नाही.

आहेर सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. लोकांच्या शेतांच्या हद्दी ठरवण्यात आणि बांधावरची भांडणं उन्हात उभं राहून ऐकण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. त्यामुळे पूर्वेला कोण आणि पश्चिमेला कोण हे कळल्याशिवाय कुठलीही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरत नाही. "आधी चतुःसीमा सांगा," हे त्यांचं पालुपद. शेजारच्या मुलीला स्थळ आलं तरी चतुःसीमा, नवीन मिसळीचं दुकान निघालं तरी चतुःसीमा. एकदा माझ्या पोटात दुखत होतं, तर म्हणाले, चतुःसीमा सांगा, वर बरगडी कुठे, खाली बेंबी कुठे, दुखणं डावीकडून शिरतं की उजवीकडून. नंतर डॉक्टरांनीही हेच विचारलं, फक्त फी घेऊन.

आहेरवहिनी गेल्यावर मुलगी त्यांना सहा महिन्यांसाठी अमेरिकेला घेऊन गेली. तिथे हे गृहस्थ घरामागे मेथी पेरायला म्हणून कुदळ घेऊन गेले आणि कुदळ दगडावर आपटली. माती बाजूला केली तर दगडावर नाव, जोशाया पेल. मुलीने सांगितलं की जुनं थडगं असेल, आपली सगळी वसाहत पूर्वी एकाच माणसाचं शेत होती म्हणतात. दुसरा कोणी असता तर हात जोडून मेथी चार फूट पलीकडे पेरली असती. आहेरांनी जावयाला रजा काढायला लावली आणि त्या गावची रेकॉर्डची कचेरी गाठली.

तिथे त्यांना पेलच्या जमिनीचा कागद सापडला. पांढऱ्या ओक झाडापासून सुरुवात, तिथून इतक्या साखळ्या पूर्वेला, दगडांच्या ढिगापर्यंत. त्यांनी तिथून मला फोन केला. "सर, यांच्याकडे पण साखळीनेच मोजायचे," ते म्हणाले. सख्खा भाऊ भेटल्यावर माणूस बोलतो तसं ते बोलत होते, आणि मी इकडे नाशकात बायकोकडे बघून डोळा मारत होतो.

परत आले ते पेलला घेऊनच. हॉलच्या भिंतीवर वहिनींच्या फोटोशेजारी कागद चिकटवून पेलांची वंशावळ सुरू झाली. पेलला चार मुलगे होते. त्यांची मुलं, नातवंडं, कोण लोहार झाला, कोण लढाईत गेला, हे सगळं आहेरांनी इंटरनेटवरून आणि पत्रं पाठवून शोधलं. "पेल पाटलांचा तिसरा मुलगा जरा वाया गेलेला," असं ते जिन्यात भेटल्यावर मला सांगायचे. आमच्या सोसायटीत त्याला नसती उठाठेव म्हणत, आणि लष्कराच्या भाकऱ्या हा शब्दप्रयोग मी स्वतः वापरलेला आहे.

पण त्यांची झोप उडवली ती पेलच्या मृत्युपत्राने. त्यात चार मुलग्यांना जमीन होती आणि शेवटी एकच ओळ होती. धाकटी मुलगी मर्सी, हिला एक गाय आणि ती निजते ती खाट. त्यानंतर मर्सीचा कुठे पत्ताच नव्हता. वंशावळीत तिच्या नावाखाली कोरा कागद राहिला. पाहुणे आले की आहेर त्यांना चार मुलग्यांवरून भराभर पुढे नेत आणि त्या कोऱ्या जागेपाशी आणून उभं करत.

"वारस अपुरा आहे," ते मला म्हणाले. "मर्सी सापडली पाहिजे, सर. त्यानंतर मला एक काम करायचंय. ते आधी होणार नाही."

कसलं काम हे मी विचारलं नाही. मी फार विचारत नसे.

आता इथे माझा संबंध येतो. मी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं. आहेर कचेरीच्या इंग्रजीत पत्र लिहीत. "विथ रेफरन्स टू द सब्जेक्ट सायटेड अबव्ह" अशी सुरुवात आणि शेवटी वारसदाखला मिळावा ही विनंती. ते पत्र माझ्याकडे तपासायला येई. मी चहा पिता पिता, एक डोळा पेपरवर ठेवून, त्यात चार 'द' घालायचो, दोन 'ए' काढायचो आणि कागद परत द्यायचो. त्यांना ते फार मोठं काम वाटे. दर वेळी खाली उतरताना ते दारात थांबून नमस्कार करत.

ही पत्रं दोन वर्षं जात होती. वेगवेगळ्या कचेऱ्यांना, चर्चना, त्या गावच्या इतिहास मंडळाला. सगळीकडून एकच उत्तर, या नावाची कोणी स्त्री आमच्याकडे नाही. आहेर दर उत्तरानंतर दोन दिवस गप्प राहत आणि तिसऱ्या दिवशी नवीन पत्र घेऊन येत.

गेल्या महिन्यात एकदा पेपर आला नव्हता, म्हणून मी पत्र नीट वाचलं. विषयाच्या ओळीत लिहिलं होतं, मर्सी जोशाया पेल. मी मागची पत्रं मागवली. सगळ्यांत तेच. आपल्याकडे मुलीचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. आहेरांनी जन्मभर हजारो सातबारे याच शिस्तीत वाचले होते. मुलीच्या नावापुढे बापाचं नाव लागत नाही असा मुलूख जगात असेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही. तिकडे मर्सी नुसती मर्सी पेल होती. ज्यांनी ज्यांनी वही उघडली, त्यांना मर्सी जोशाया मिळणार कुठून.

आणि मला हे माहीत होतं. माझ्या हाताखालून ते नाव दोन वर्षं गेलं होतं. एका मिनिटाचं काम होतं. मी 'द' घालत बसलो होतो.

नाव सुधारून पत्र गेलं आणि आठ दिवसांत इतिहास मंडळातल्या एका म्हाताऱ्या बाईंचं उत्तर आलं. मर्सी सापडली होती. पिंपं तयार करणाऱ्या एका कारागिराशी तिचं लग्न झालं, दोघं डोंगराकडच्या मुलखात गेली, सहा मुलं झाली. थोरल्या मुलाचं नाव तिने एलायजा ठेवलं. एलायजा म्हणजे तिचा थोरला भाऊ, ज्याच्या वाट्याला घराजवळचं सगळ्यात चांगलं शेत गेलं होतं.

मला वाटलं आहेर आता पेढे वाटणार. ते पत्र घेऊन माझ्या सोफ्यावर बसून राहिले. मग म्हणाले, "भावाचं नाव ठेवलं म्हणजे राग नव्हता. हो ना?" मी म्हटलं, असेलही, तिकडे घराण्यातली नावं ठेवायची पद्धत असते. ते त्यांना ऐकू आलं नसावं. "सर, तुमची गाडी चालू आहे ना? उद्या सटाण्याकडे जायचंय. एकट्याने माझा पाय निघणार नाही."

दुसऱ्या दिवशी चांदवडला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांना एक थोरली बहीण आहे, आक्का. सटाण्याच्या अलीकडे एका खेड्यात दिलेली. आई लवकर गेली, आक्कानेच त्यांना वाढवलं. वडील, ज्यांना ही भावंडं दादा म्हणत, गेले तेव्हा आहेर मोजणी खात्यात नवीन होते. त्यांनी हक्कसोडपत्र तयार केलं, म्हणजे बहिणीने वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा सोडल्याचा कागद. आक्काला वाचता येत नव्हतं.

"वाचून मी दाखवलं," आहेर म्हणाले. "कागदावर होतं ते नाही. म्हटलं, सातबाऱ्यावरून दादांचं नाव कमी करायचा अर्ज आहे. तिने अंगठा दिला. मग मी तिला साडी घेतली."

त्यानंतर पुढच्या भाऊबीजेला त्यांचा पाय निघाला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. न जाण्याची लाज मूळ लाजेवर चढत गेली आणि त्याला सदतीस वर्षं झाली. आक्का दर उन्हाळ्यात येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर कुरडया पाठवायची. त्या आहेर कधीच तळत नसत, सोसायटीत वाटून टाकत. आमच्याकडेही यायच्या. फार छान असायच्या.

मी चहा तसाच टाकला.

देवळ्याच्या पुढे रस्ता सोडून आत वळलो. दोन्हीकडे डाळिंबाच्या बागा होत्या. आहेर गाडीत एकदाही पूर्व-पश्चिम बोलले नाहीत. घरापाशी पोहोचलो तर ओट्यावर एक म्हातारी सूप मांडीवर घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. भाचा कैलास अंगणात होता. त्याने मामाला ओळखायला थोडा वेळ घेतला.

"कोन शे?" म्हातारीने विचारलं.

"मामा शे, आई. नाशिकवाला," कैलास म्हणाला.

तिने सूप खाली ठेवलं. "मन्हा भाऊ उना," असं म्हणत तिने दोन्ही हात पुढे केले. पुढे मी होतो. आहेर मागे चपला काढत होते, किंवा चपला काढायचं निमित्त करत होते. तिने माझे हात धरले आणि बोटं, मनगट, सगळं चाचपून पाहायला लागली. ती माझ्या छातीच्या दिशेने बघत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी तिचे हात हळूच सोडवून आहेरांच्या हातात दिले.

कैलास मला बाजूला घेऊन म्हणाला की काचबिंदू होता, आम्ही मोतीबिंदू समजून थांबलो. मागच्या दिवाळीपर्यंत तिला चांगलं दिसत होतं. आता उजेड आणि अंधार तेवढा कळतो.

मागची दिवाळी. मी हिशेब करायला नको होता, पण तो आपोआप झाला. पहिलं पत्र माझ्याकडे आलं ते तिच्याही आधीच्या दिवाळीला. तेव्हा मी नीट वाचलं असतं, तर आठवड्यात मर्सी सापडली असती आणि आहेर या ओट्यावर वर्षभर आधी, तिला दिसत असताना, आले असते. आहेरांचा दोष आहेरांपाशी. पण हे वर्ष माझं आहे आणि ते मला कोणालाही परत करता येत नाही.

आहेर ओट्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. त्यांनी कागदाचं सांगायला सुरुवात केली आणि दोन वाक्यांत अडकले. आक्काने त्यांना पुढे बोलू दिलं नाही. तिची अहिराणी मला निम्मी कळली, बाकीची कैलासने सांगितली. ती म्हणाली, मला त्याच दिवशी कळलं होतं. तू वाचत होतास तेव्हा माझ्याकडे बघत नव्हतास. लहानपणापासून तू खोटं बोलताना बघत नाहीस. नुसतं मागितलं असतंस तरी दिलं असतं. जमीन गेली त्याचं काही नाही, तू यायचा बंद झालास.

आहेरांचा हात तिने सोडला नव्हता.

मग तिने माझ्याकडे तोंड वळवलं. मी शाळेत शिकवायचो हे तिला एव्हाना कळलं होतं. "गुरुजी, कसा दिखस आते हाऊ?"

आता कसा दिसतो हा, असं ती विचारत होती. मी आहेरांकडे पाहिलं. सहा वर्षं शेजारी राहून मी त्यांना इतकं नीट कधी पाहिलं नव्हतं. मी एकेक सांगत गेलो. केस पांढरे झालेत, पण गेलेले नाहीत. कपाळ मोठं, त्यावर आडव्या तीन आठ्या. नाक सरळ, टोकाला जरा जाड. कान मोठे. उभे राहिले की डावा खांदा थोडा खाली असतो. मान बोलताना किंचित पुढे येते. काही चुकतंय का म्हणून मी मध्ये थांबत होतो आणि पुन्हा बघून सांगत होतो. ती मान हलवत ऐकत होती.

माझं संपलं. मग ती कैलासला काहीतरी म्हणाली आणि शेंगांचं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. मी कैलासकडे पाहिलं.

"ती म्हणते, म्हणजे हा दादांसारखा झालाय," कैलास म्हणाला. "मग बरं झालं. दादांचा चेहरा तिला आठवतो."