रानडुकराची सागुती थंड घरी पोहोचली त्याची हकीकत

श्री. जिने आमचे नाक आणि आमच्या धन्याची अब्रू एकाच दिवशी राखिली, त्या कुलस्वामिनीस दंडवत घालून लिहिणे ऐसे जे, शके एकोणीसशे चोवीस, चित्रभानु नाम संवत्सरे, वैशाख वद्य षष्ठी व सप्तमी या दोन दिवसांत जे वर्तले ते आम्ही डोळां पाहिले, कारण आम्ही जीपगाडीत मांसाच्या पेटीस टेकूनच बसलो होतो. राज्याचे नाव लिहीत नाही. व्याही मंडळी वाचतील आणि पुन्हा रुसतील.

मूळ कारण ऐसे की, तीन वर्षांमागे राजे रायाजीराव यांणी आपले व्याही हैबतराव यांस मेजवानी केली, आणि शंभर कोसांवरून रानडुकराची शिकार आणविली, ती कापताक्षणी गरमच प्लास्टिकात गुंडाळून, गोणत्यात कोंबून आणिली, आणि वाढली तेव्हां पंक्तीत ऐसा वास सुटला की हैबतरावांनी शेला नाकास लाविला, ताट सरकविले आणि बोलिले, "आम्हांस काय गिधाडे समजलां?" आणि उठोन चालते जाहले, आणि राजांची एकुलती लेक कृष्णाऊ, जी त्यांची सून, तीस बरोबर घेऊन गेले. तीन वर्षे लेकीस माहेर नाही. राजांनी पत्रे धाडिली, पातळे धाडिली, सारे आल्या पावली परत. मग यंदा लेकीस सातवा महिना लागला, आणि पहिले बाळंतपण माहेरीच व्हावे ही जगाची रीत, म्हणोन राजांनी पागोटे उतरवून विनंती केली, तेव्हां हैबतरावांचे उत्तर आले की, "सप्तमीस दुपारी सूनबाईंस घेऊन येतो. तीच रानडुकराची सागुती वाढा. चांगली निघाली तर लेक ठेवून जातो, नाही तर तशीच माघारी नेतो." आतां ऐसा हट्ट कोणी धरितो काय? परंतु मुलाकडील माणसे, त्यांस कोण बोलणार.

मग राजांची स्वारी पूर्वेच्या रानांत गेली. तेथे डुकरांनी भुईमुगाचे फड उकरोन रयतेस रडविले होते, म्हणोन रीतसर परवाना मिळाला होता. षष्ठीस पहांटे एक दांडगा डुक्कर एकाच गोळीत पडिला, आणि राजांचा सारथी दस्तगीर, जो बोलतो थोडे आणि जाणतो फार, त्याणे हात जोडोन सांगितले, "सरकार, मागच्यासारखं गरम बांधू नका. आतली ऊब निघून जाऊ दे." मग पोट साफ करून, तुकडे करून, मांस झाडाच्या सावलीस वाऱ्यावर टांगिले, आणि निवाले तेव्हां मासळीवाल्याची थर्माकोलची मोठी पेटी घेऊन तळाशी बर्फाच्या दोन लाद्या फोडोन घातल्या, त्यावर कामट्या मांडिल्या की मांस पाण्यात बसू नये, त्यावर मांस, वर पुन्हा बर्फ, झाकण दोरीने आवळिले आणि दस्तगीराने आपली काळी घोंगडी पेटीवर चौफेर लपेटली. ऐसी चोख तयारी पाहोन राजे हसले. तीन वर्षांत आम्ही त्यांस हसताना पाहिले नव्हते.

परंतु या मुलखाची एक खोड आहे. राजाची शिकार गावावरून जाऊ लागली की गाव वेशीवर येतो, सुवासिनी ओवाळितात, आणि झाकण उघडोन शिकार सर्वांस दाखवावी लागते, कारण झाकलेली शिकार चोराची, ऐसे म्हणतात. पहिल्या गावी उघडिली. पोरे-थोरे सगळी वाकोन पाहती जाहली, एकाने तर हात घालोन बर्फाचा खडा तोंडात टाकिला. दुसऱ्या गावी उघडिली. तिसऱ्या गावी पाटील शेतात गेला होता, तो येईतो पाव घटका उघडीच राहिली, आणि वैशाखाचे ऊन म्हणजे तव्यावरची भाकरी आम्हीच. दस्तगीर नुसता दात खात होता. इतक्यात कारभारी अंताजीपंत, ज्यांस सर्व विषयांत गती, ते बोलिले, "अहो, माणसास घोंगडीत घाम फुटतो, मग बर्फास फुटणार नाही काय? काढा ती!" आणि आम्ही सर्व "वाहवा पंत!" म्हणालो. होय, आम्हीही म्हणालो, खोटे कशास लिहू. घोंगडी काढिली, आणि पंतांनी तिची घडी करून आपल्या बुडाखाली घेतली, कारण जीपचे आसन कडक. मग दोन कोसांत आमचे धोतर मागून भिजले, आणि आम्ही ओरडलो, "पेटी गळते!" राजांनी झाकण किंचित उचलोन हात घातला, तो नारळाएवढा बर्फ उरलेला आणि बाकी सर्व पाणी. वास अजून नव्हता. परंतु घर चाळीस कोस दूर, आणि वाटेतल्या बाजारची बर्फाची फॅक्टरी वीज गेल्यामुळे बंद. राजे मटकन बसले आणि बोलिले, "पंत, माझी लेक गेली." पंतांचे तोंड एवढेसे जाहले.

ऐशा स्थितीत चौथे गाव आले, आणि तेथे पाटलाच्याच दारी लग्न, मांडव, सनई, दोनशे माणूस, सर्व जीपेस गराडा घालिते जाहले. "दावा! शिकार दावा!" मग राजे उठोन पेटीच्या झाकणावर बसले आणि बोलिले, "उघडणार नाही." गलका जाहला. कोणी म्हणाला हा अपमान, कोणी म्हणाला चोरीची असेल, आणि आम्हांस वाटले आतां दगड येतो. तेव्हां राजे, ज्यांणी जन्मात कोणास कारण सांगितले नाही, ते भर गर्दीत म्हणाले, "बाबांनो, ही नासली तर माझ्या लेकीस बाळंतपणास माहेर नाही. चोर म्हणा, काय म्हणायचे ते म्हणा." आणि त्यांचे डोळे भरोन आले. ओवाळावयास आलेली पाटलीण गोदूबाई, जिची स्वतःची लेक त्या दिवशी बोहल्यावर उभी राहावयाची, तिणे आरतीचे ताट शेजारणीच्या हाती दिले आणि म्हणाली, "आगं बया! मग बसलाय काय पेटीवर अंडी उबवल्यागत? उठा, सरकार. आन् पंत, तुमी बी उठा. ती घोंगडी बुडाखाली कशापायी?" पंतांनी आपले घामाचे शास्त्र सांगितले. बाई पदर तोंडास लावोन हसली. "आवो, बर्फाला कुटं अंगची ऊब हाय? घोंगडी भायेरचं ऊन आत येऊ देत न्हाई. आमी दुधाच्या किटलीला हेच करतो." मग तिणे मांडवामागून मठ्ठ्यासाठी आणिलेली अख्खी लादी बाहेर काढविली. पाटील म्हणाला, "अगं, पाव्हन्यांचा मठ्ठा?" ती म्हणाली, "पाव्हनं कोमट पितील. त्यांची लेक माहेराबिगर ऱ्हाईल, त्याचं काय?" दस्तगीराने बूच काढोन पाणी सोडिले, लादी फोडोन भरिली, घोंगडी लपेटली, आणि राजांनी नवरीच्या हाती आपल्या बोटातली अंगठी ठेविली. पुढली पाच गावे ओवाळावयास उभी होती. दस्तगीराने एकदाही गाडी थांबविली नाही, आणि राजे मागे वळोन हात जोडीत गेले.

दिवेलागणीस वाड्यावर पोहोचलो. राणीसाहेब गजराबाई यांणी दूध-दही शेजारी धाडून अख्खा फ्रीज मोकळा ठेविला होता. पेटी उघडिली, सर्वांनी वाकोन वास घेतला, आणि कोणासच काही आला नाही. राणीसाहेब पदराने डोळे पुसो लागल्या.

सप्तमीस दुपारी हैबतराव आले, पाटावर बसले, घास नाकापाशी नेला आणि थांबले. राजे वाढपी होऊन पातेले धरून उभे. घास तोंडात गेला. मग दुसरा. मग हैबतराव नुसते ताट पुढे करीत राहिले, आणि तिसऱ्या वाढीनंतर बोटे चाटीत आपल्या माणसास म्हणाले, "सूनबाईंची ट्रंक उतरवा." इतके ऐकिले आणि कृष्णाऊ जी सोप्यातून धावत आली ती पोट सावरीत आईच्या गळ्यातच पडली, आणि हैबतराव ओरडले, "हळू, हळू!"

येणेप्रमाणे सागुती थंड आली आणि लेक घरी राहिली. गोदूबाईस पातळ गेले, दस्तगीरास नवी घोंगडी मिळाली, पंतांस काही मिळाले नाही. पाहुणे मार्गस्थ होताच राजे ओसरीवर जे आडवे जाहले, ते संध्याकाळपर्यंत घोरत होते, आणि लेक उशाशी बसोन त्यांस वारा घालीत होती.