चाच्यांच्या जहाजाला पिको-फॉल

उत्तमला राग येतो असं म्हणणं बरोबर नाही. राग त्याच्याकडे राहायलाच आहे. अधूनमधून पाय मोकळे करायला बाहेर जातो, एवढंच. रिक्षावाला, टीव्हीचा रिमोट, सोसायटीचा सेक्रेटरी, डब्यातली पातळ भाजी, कोणावरही तो सारखंच मन लावून चिडतो. गेल्या दिवाळीत पँट बोटभर आखूड झाली म्हणून खालच्या चाचा टेलरवर तो इतका ओरडला होता, की तिसऱ्या मजल्यावरची माणसं फराळाची ताटं घेऊन गॅलरीत आली होती. (पँट आखूड नव्हती. दिवाळीत उत्तमचं पोट वाढलं होतं आणि पँट वर चढली होती. पण हे त्याला सांगणार कोण?)

शेवटी डॉक्टरांनी दंडाचा पट्टा सोडत सांगितलं, "बीपी वाढलंय. आता चिडणं बंद. एखादा शांत छंद लावून घ्या."

"मी कुठे चिडतो?" असं उत्तम एवढ्या जोरात म्हणाला, की बाहेर बसलेला एक पेशंट आपला नंबर सोडून घरी निघून गेला.

छंद शोधायला लांब जावं लागलं नाही. मुलगी पुण्याला शिकायला गेल्यापासून तिच्या लहानपणीचा खेळण्यातल्या ठोकळ्यांचा डबा माळ्यावर पडून होता. अक्षदाने, म्हणजे उत्तमच्या बायकोने, तो खाली काढून नवऱ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "हे जोडत बस. निदान तेवढा वेळ तोंड तरी बंद राहील."

उत्तमने ठरवलं, समुद्री चाच्यांचं जहाज बनवायचं. चाचे त्याला मनापासून आवडायचे. दिवसभर आरडाओरडा करायचा, दिसेल त्याच्यावर तलवार उगारायची, आणि एवढं करून कोणी दंडाला पट्टा गुंडाळून बीपी मोजायला येत नाही!

इथवर सगळं ठीक होतं. पण त्याच्या ऑफिसात, डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये, महेंद्र नावाचा एक शहाणा आहे. त्यालाही हाच नाद. तो तयार खोका आणतो आणि सोबतच्या पुस्तकात बघून किल्ला जोडतो. ठाण्याच्या एका मॉलमध्ये अशा मॉडेलांचं प्रदर्शन भरणार असल्याचं त्यानेच कँटीनमध्ये सांगितलं, आणि उत्तमच्या जहाजाचं ऐकून वर दात काढून म्हणाला, "उत्तम, तू आपला राहू दे. तू मधेच चिडून फोडून टाकशील."

"मी? मी फोडेन?"

"तू जहाज ठाण्यापर्यंत आणलंस तर ही मिशी काढेन. नाही आणलंस, तर माझ्या टेबलाशी येऊन सगळ्यांदेखत कबूल करायचं, की माझा स्वभाव खराब आहे."

झालं! त्या दिवसापासून शांत होण्यासाठी घेतलेल्या छंदाने उत्तमच्या डोक्याचं पातेलं कायम उकळतं ठेवलं. तपकिरी ठोकळे कमी पडले म्हणून तो कल्याणच्या होलसेल बाजारात गेला, तर दुकानदार म्हणाला, किलोवर घ्यायचे तर मिक्स घ्या. निम्मे गुलाबी निघाले. उत्तम त्याच्याशी भांडला, घरी येऊन गुलाबी ठोकळ्यांशी भांडला, ठोकळा टाचेत घुसला की फरशीशी भांडला. दोनदा डोलकाठी त्याने रागाने उपटली आणि महेंद्रची मिशी आठवून पुन्हा बसवली.

पण जहाज झालं! आणि खोटं कशाला बोला, झकास झालं. पुढे टोक, बाजूला तोफा, वर तीन शिडं. ही शिडं म्हणजे उत्तमचा जीव. जुन्या चादरीचं कापड त्याने चहाच्या पाण्यात उकळून काळपट केलं, कडा हाताने फाडल्या, उदबत्तीने भोकं पाडली. तोफेचे गोळे आरपार गेलेत असं वाटावं म्हणून. कप्तानाच्या एका डोळ्यावर मार्करने काळी पट्टी काढली. हाताला आकडा हवा होता, तो अक्षदाच्या शिवणाच्या डब्यातून ब्लाउजचा हूक चोरून बसवला. मग जुन्या छत्रीच्या काळ्या कापडाचा झेंडा केला आणि त्यावर पांढऱ्या रंगाने स्वतःच्या हाताने कवटी काढली.

अक्षदाने झेंडा बघितला. "हे बटण कशाला काढलंस?"

"बटण? कवटी आहे ती!"

"दोन भोकं आहेत म्हणून म्हटलं. आणि खाली कात्री का?"

"हाडं आहेत ती! हाडं!" उत्तम किंचाळला. अक्षदाने बीपीची गोळी आणून दिली.

जहाज शनिवारी संध्याकाळपर्यंत ठाण्याला पोचवायचं होतं. शुक्रवारी दुपारी खडवलीहून उत्तमच्या सासूबाई आल्या. रंगूबाई. बाई मायेची, पण हाताला स्वस्थता नाही. कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की आधी तुटलेलं काय, उसवलेलं काय, मळलेलं काय ते बघणार आणि पाणी प्यायच्या आत दुरुस्तीला बसणार. त्यांनी जहाजाभोवती एक चक्कर मारली. काही बोलल्या नाहीत. (तेव्हाच उत्तमने सावध व्हायला हवं होतं.)

तेवढ्यात महेंद्रचा फोन आला आणि उत्तम गॅलरीत जाऊन ओरडला, "हो, हो! चाच्यांचं जहाज तयार आहे! उद्या जाणार म्हणजे जाणार! बघच तू!"

आता इथे वाचकांनी जरा कान द्यावा. उत्तम म्हणाला 'चाच्यांचं', म्हणजे समुद्रावरच्या लुटारूंचं. रंगूबाईंनी ऐकलं 'चाचांचं', म्हणजे खालच्या चाचा टेलरचं. कारण त्यांना दुसरे चाचे माहीतच नव्हते. खडवलीला समुद्र नाही, असलीच तर नदी आहे, आणि तिथे कोणी कोणाला तोफा लावून लुटत नाही. एका 'च्या'चा फरक. पण त्या 'च्या'ने काय उत्पात केला!

शनिवारी अर्धा दिवस भरून उत्तम ऑफिसातून मोठा खोका घेऊन आला. खोक्याच्या चारी बाजूंना त्याने 'नाजूक' असं लाल अक्षरात लिहिलं होतं. दार उघडलं, तर टीपॉय रिकामा. त्यावर फुलांची परडी.

"आई, जहाज कुठाय?"

"दिलं की." रंगूबाई शेंगा सोलत होत्या.

"दिलं? कोणाला दिलं?"

"ज्याचं त्याला."

उत्तमच्या कपाळावरची शीर उडायला लागली. "म्हणजे कोणाला, आई?"

"असं काय करता? चाचांना! काल तुम्हीच नाय का फोनवर बोललात, चाचांचं जहाज उद्या जाणार म्हणून? म्हटलं, तुम्ही दमून येणार, खालीच तर द्यायचं हाय. दिवाळीला तुम्ही त्यांना पँटवरून नाय नाय ते बोललात, मी होते ना इथे. मला लई वाईट वाटलेलं. जावयाला आपणहून उमगलं, बरं वाटलं बघा." त्यांनी एक शेंग सोलली. "पण जावईबापू, एक बोलू? माणसाला वस्तू द्यायची तर फाटकी-मळकी देऊ नये. मी सकाळीच ती शिडं साबणात भिजवली. किती तो मळ! नुसतं चहासारखं पाणी निघालं."

उत्तमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्या रागाला बाहेर पडायला तोंडाचं दार लहान पडत होतं. शेवटी तो खोका तसाच हातात धरून जिन्याने खाली धावला.

चाचांचं दुकान म्हणजे इमारतीच्या खालचा एक अरुंद गाळा. एक मशीन, एक कपाट आणि समोर काचेची शोकेस. त्या शोकेसमध्ये, मधोमध, हार घालून, उत्तमचं जहाज उभं होतं. शिडं पांढरीशुभ्र, खळ घालून कडक इस्त्री केलेली. भोकं रफू केलेली. फाडलेल्या कडांना सुबक पिको, आणि पिकोच्या वर सोनेरी लेस. समुद्रावर दहशत घालणारं ते जहाज आता एखाद्या मुंजीला निघाल्यासारखं दिसत होतं.

"चाचा!" उत्तम गरजला.

चाचा मशीनवरून उठले. चष्मा काढला. डोळे पुसले. आणि उत्तमचे दोन्ही हात खोक्यासकट धरले.

"साहेब, तुमी... तुमी माझ्यासाठी केला?"

"नाही! म्हणजे, ते जहाज..."

"माझ्याकडे लोक येतात ते काय बोलायला येतात? ब्लाउज टाईट झाला. पँट लूज झाली. इतकी वर्सं झाली डोंबिवलीत, कोणी असा काय बनवून आणला नाय. आणि काय दिमाग लावला, साहेब!" चाचांनी झेंड्याकडे बोट केलं. "वर बटण, खाली कैची! टेलरचा झेंडा! मी बघितला आणि समजलो, हे माझाच जहाज."

"बटण नाहीये ते," उत्तम म्हणाला. पण म्हणता म्हणता त्याने झेंड्याकडे पाहिलं, आणि त्यालाही ते बटणच दिसलं.

"आणि हा वर उभा हाय तो मीच ना?" चाचा लाजले. "सुईत दोरा घालताना मी एक डोळा असाच मिटतो. तुमी बरोबर पकडला. हातात हूक पण दिला! दोन नंबरचा. मी ओळखला, माझ्याच दुकानातला हाय."

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या शांताबाई ब्लाउज न्यायला आल्या. त्यांनी उत्तमकडे आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, काय ऐकतेय मी! चुकलं तर चुकलं म्हणायला मन मोठं लागतं हो. आमच्या घरात तर तुमच्या रागाचं नाव काढून नातवाला झोपवायचे. आता काय करायचं?"

आता सांगा, इथे माणसाने काय करावं? ओरडावं? कोणावर? उत्तमच्या पोटात रागाची नुसती वाफ कोंडली होती. एका बाजूला महेंद्रची मिशी, दुसऱ्या बाजूला हा म्हातारा, डोळे पुसत पुसत चहा सांगणारा. त्याने शेवटचा प्रयत्न केला. आवाज शक्य तितका मऊ करून तो म्हणाला, "चाचा, दोन दिवस जरा परत न्यावं म्हणतो. थोडं काम राहिलंय. सोमवारी आणून देतो."

"न्या की! तुमचाच हाय!" चाचा हसले. मग एकदम त्यांचा चेहरा पडला. "पण साहेब, आता हलणार नाय. मशीन चालली की शोकेस हादरते ना, म्हणून मी खाली गोंद लावला. सगळीकडून. पक्का."

उत्तमने शोकेसची काच सरकवून, आत हात घालून जहाजाला धरलं आणि हळूच ओढलं. अख्खी शोकेस पुढे आली. जहाज तसूभर हललं नाही.

मोबाइल वाजला. महेंद्र.

"अरे, मी ठाण्यात आलोय. तू कुठे? चाच्यांचं जहाज कुठे?"

"चाच्यांचं जहाज," उत्तम दातओठ खात म्हणाला, "चाचांकडे गेलं."

"म्हणजे फोडलंस."

"फोडलं नाही! चाचांनी चिकटवलं!"

"बरं, बरं. सोमवारी सगळ्यांना माझ्या टेबलाशी बोलावून ठेवतो." महेंद्रने फोन ठेवला. चाचांनी चहा पुढे केला, साखर जास्त घातलेला, मानाचा. उत्तमला तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यावा लागला.

पण जिना चढताना एकेका पायरीला कोंडलेली वाफ वर येऊ लागली. दारात पोचला तोवर स्फोट तेवढा व्हायचा बाकी होता. आत अक्षदाही कामावरून आलेली. बरं झालं, श्रोते वाढले.

"आई!" तो ओरडला. कित्येक आठवड्यांचा राग एकदम सुटला. "ते चाचांचं नव्हतं! चाच्यांचं होतं! च्या! च्या! चाचे म्हणजे टेलर नव्हे! चाचे म्हणजे समुद्रावरचे लुटारू! दरोडेखोर! माणसं कापणारे! ते बटण नाही, मेलेल्या माणसाची कवटी आहे! आणि ती कात्री नाही, हाडं आहेत हाडं!"

सोललेल्या शेंगेचा दाणा रंगूबाईंच्या हातातून पडला. अक्षदा तोंडात पदर कोंबून आतल्या खोलीत पळाली. उत्तम धापा टाकत उभा राहिला आणि वाट बघू लागला, की आता तरी या बाईला कळेल काय घोटाळा केलाय, आता तरी ती म्हणेल, चुकलं माझं.

रंगूबाई सावकाश उठल्या. कमरेवर हात ठेवले. आणि उत्तमने जन्मात कधी ऐकला नव्हता असा आवाज त्यांच्या तोंडून आला.

"म्हणजे तुम्ही त्या देवमाणसाला दरोडेखोराचं जहाज दिलंत?"

"मी? मी दिलं?"

"कवटी? त्याच्या धंद्याच्या जागी कवटी नेऊन ठेवलीत? हार घातलाय त्याने तिला! आधी दिवाळीत पँटवरून त्याला रडवलंत, आणि आता हे? शोभतं का तुम्हाला? आणि माझ्या हातून द्यायला लावलंत! मला काय वाटलं, जावई सुधारला!"

"अहो आई, पण मी..."

"एक शब्द नाय! त्याला कळायच्या आत नवीन काहीतरी चांगलं बनवा. ते देऊन आधी त्याची माफी मागून या, मगच जेवायला बसा." रंगूबाईंनी कपाटाखालून पिशवी ओढली आणि त्याच्यापुढे आपटली. कल्याणहून आणलेले गुलाबी ठोकळे. "हे उरलेत की एवढे. शिलाईचं मशीन होईल त्याच्यात."

उत्तमने अक्षदाने बाहेर येऊन पुढे केलेली बीपीची गोळी गिळली, पिशवी फरशीवर रिकामी केली आणि बैठक मारायला एक पाऊल पुढे टाकलं. पहिला ठोकळा नेमका टाचेखाली आला. तो "आ..." करून तोंड उघडणार, तोच रंगूबाईंनी मान वळवून पाहिलं, आणि त्याने पुढचं गिळून मशीनचं चाक कुठून सुरू करायचं ते बघायला घेतलं.